ओळख डोळ्यांच्या आधी येते: तैलरंगातला चेहरा कसा घडतो

कोकणातल्या कोणत्याही तालुक्याच्या बातम्या वर्षभर वाचत गेलो, तर ‘तैलचित्राचे अनावरण’ हे शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. शाळेचे सभागृह, ग्रामपंचायतीची नवी इमारत, पतसंस्थेचा वर्धापनदिन, वाचनालयाची शताब्दी. प्रत्येक ठिकाणी संस्थापकांचा किंवा देणगीदारांचा चेहरा असतो आणि पडदा बाजूला सारला की टाळ्या होतात. यांपैकी अनेक चौकटींमध्ये आता तैलरंगाचा थेंबही नसतो. जुना फोटो संगणकावर मोठा करून, त्यावर ब्रशच्या फटकाऱ्यांसारखा पोत उमटवून तो कॅनव्हासवर छापलेला असतो, आणि मोबाइलमधली ॲप हेच काम काही सेकंदांत करून देतात. त्यामुळे मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खरे तैलचित्र वेगळे असते म्हणजे नक्की काय असते, हा पहिला. आणि हुबेहूब चेहरा रंगवणे साध्या माणसाला शिकता येते का, हा दुसरा.

सावंतवाडीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत मी दर रविवारी पाच-सहा जणांना तैलरंगात व्यक्तिचित्र, म्हणजे एका विशिष्ट माणसाची ओळख पटवणारे चित्र, रंगवायला शिकवतो. येणाऱ्यांत शिक्षिका आहेत, निवृत्त एसटी वाहक आहेत, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, वर्षानुवर्षे काम केलेला एक मूर्तिकार आहे. त्या सगळ्यांना सुरुवातीला जे समजावून सांगावे लागते, तेच इथे मांडतो आहे.

## तेल वाळते म्हणजे काय होते?

कोणताही रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि ती धरून ठेवणारा एखादा द्रव. जलरंगातले पाणी उडून जाते आणि पूड डिंकाच्या आधाराने कागदावर राहते. तैलरंगात ती पूड बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली असते आणि हे तेल कुठेही उडून जात नाही. खोबरेलाची वाटी वर्षभर उघडी ठेवली तरी त्यात तेलच राहते. जवसाचे तेल मात्र पातळ थरात पसरले, की काही दिवसांत त्याचा चिवट पापुद्रा होतो. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि म्हणूनच तैलरंगाचा थर वाळताना सुरुवातीला वजनाने किंचित वाढतो. दुधाचे दही होताना पाणी उडून गेलेले नसते, दूधच बदललेले असते. तसेच हे आहे. शेगडीमागच्या भिंतीवर किंवा कढईच्या बाहेरच्या कडेला फोडणीच्या तेलाचा जो चिकट, पिवळट थर बसतो आणि घासूनही निघत नाही, तो याच क्रियेतून तयार झालेला असतो.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते, आणि एक इशारा इथेच देणे मला आवश्यक वाटते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर आतली उष्णता कोंडून ती आपोआप पेट घेऊ शकतात. कौलारू घरात, जिथे माळ्यावर गवत आणि जळाऊ लाकूड साठवलेले असते, तिथे ही लहान गोष्ट नाही. फडकी अंगणात सुटी पसरून पूर्ण सुकवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवावीत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ब्रश हातात देण्याआधी मी हे सांगतो.

सावकाश वाळण्याचा फायदा चेहऱ्याइतका दुसऱ्या कोणत्याही विषयाला होत नाही. गालाचा उजेड सावलीत कुठे मिसळला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण तिथे कडा नसतेच. आणि तैलरंग कितीतरी तास, कधीकधी दोन-तीन दिवस ओला राहत असल्यामुळे तो गाल सकाळी रंगवून संध्याकाळी त्याची कड कोरड्या ब्रशने हलकेच मोडता येते. नाक चुकले तर पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवण्याच्या बोथट सुरीने, खरवडून पुन्हा रंगवता येते. नवशिक्याला इतकी सवलत देणारे दुसरे माध्यम मला माहीत नाही, म्हणून ‘आधी जलरंग शिका, मग तैलरंगाकडे वळा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही.

## थरांचा एक नियम

या सवलतीची किंमत मात्र असते. मातीची जमीन करताना खालचा थर ओला असतानाच वरून घाईने जाड लेप दिला, तर वरचा आधी सुकतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात. तैलचित्रातही हेच घडते. म्हणून खालच्या थरांत तेल कमी ठेवून रंग टर्पेंटाइनने पातळ करायचा आणि प्रत्येक वरच्या थरात तेलाचे प्रमाण थोडे वाढवत न्यायचे, असा नियम आहे. चित्रकार याला ‘फॅट ओव्हर लीन’ म्हणतात. टर्पेंटाइन उडून जाते, म्हणून तो थर लवकर सुकतो. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो आणि अधिक लवचीक राहतो. हळू वाळणारे वर असावे, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

मी हा नियम वाचलेला असूनही मोडला होता. आजोबांचे चित्र करताना पार्श्वभूमीचा काळा रंग गुळगुळीत लागावा म्हणून त्यात भरपूर तेल घातले, आणि चारच दिवसांनी त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या पांढऱ्या रंगात त्यांचा फेटा रंगवला. हाडांच्या कोळशापासून केलेला काळा रंग मुळातच तेल फार पितो आणि सर्वांत हळू वाळणाऱ्या रंगांपैकी एक आहे. दोन पावसाळे गेले आणि फेट्यावर आटलेल्या तळीच्या तळासारखी जाळी उमटली. त्या भेगा आजही आहेत, आणि थरांविषयी सांगताना मी ते चित्र भिंतीवरून काढून सर्वांच्या हातात देतो.

## ओळख नेमकी कुठे असते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक माणसे चेहरा रंगवायला बसतात तेव्हा डोळ्यांपासून सुरुवात करतात. पापणी, बुबुळ, भुवई असे करत एक डोळा अतिशय सुंदर होतो, मग दुसरा, मग नाक. आणि सगळे भाग एकत्र आले की तो चेहरा कोणाचाच नसतो. यामागचे कारण समजले, की व्यक्तिचित्राचे निम्मे काम समजले.

आपण ओळखीचे माणूस कसे ओळखतो, याचा विचार करून पाहा. संध्याकाळी मळ्याच्या पलीकडच्या बांधावरून कोणी येत असेल, तर डोळे-नाक दिसण्याच्या कितीतरी आधी आपण त्याचे नाव घेतो. डोक्याचा आकार, मान खांद्यांवर बसण्याची तऱ्हा, कपाळाखाली पडलेल्या सावलीची पट्टी, गालाच्या हाडाखालचा खळगा, एवढ्यावरच ओळख पटलेली असते. म्हणजे ओळख मोठ्या आकारांत आणि त्यांच्या परस्परांतल्या अंतरांत असते, बारकावे तिला फक्त दुजोरा देतात.

मागच्या थंडीत शेजारच्या काकू माझ्यासाठी पडवीत बसल्या होत्या. डावीकडून खिडकीचा उजेड, हातात वळायच्या वाती. पहिल्या पाऊण तासात कॅनव्हासवर मी फक्त दोनच रंग लावले होते: उजेडातल्या भागांसाठी एक मातकट फिका आणि सावलीतल्या भागांसाठी एक तपकिरी. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळसर खळगे होते, ओठ नव्हते, नाकपुड्या नव्हत्या. पाय मोकळे करायला त्या उठल्या, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यां माझांच तोंड. पण डोळे खंय आसत?” चित्रकलेचा एकही धडा न घेतलेल्या माणसाने डोळे नसलेले चित्र स्वतःचे म्हणून ओळखले, याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

त्या दोन रंगांमधला जो फरक होता त्याला चित्रकार ‘टोन’ म्हणतात. टोन म्हणजे रंग कोणताही असो, त्याचा गडद-फिकेपणा. कृष्णधवल फोटोत लाल साडी आणि हिरवे पान सारखेच करडे दिसू शकतात, कारण त्यांचे रंग वेगळे असले तरी टोन एकच असतो. चेहरा गोल दिसतो, नाक पुढे आलेले दिसते, डोळे खोलात दिसतात, ते सगळे टोनमुळे. टोन बरोबर असेल तर निळ्या रंगात रंगवलेला चेहराही माणूस म्हणून पटतो, आणि टोन चुकला तर त्वचेचा नेमका रंग मिसळूनही चेहरा सपाट पडतो.

टोन पाहण्यात अडचण एकच असते: आपले मन डोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करते. मनाला ठाऊक असते की डोळ्याचा पांढरा भाग पांढरा असतो, दात पांढरे असतात, केस काळे असतात. आणि हात ते ठाऊक असलेले रंगवू लागतो. एक प्रयोग घरीच करून पाहा. जाड कागदाला पेन्सिलीच्या जाडीची दोन भोके थोड्या अंतरावर पाडा. खिडकीच्या एका बाजूला बसलेल्या माणसाकडे त्यातून असे पाहा, की एका भोकात सावलीतल्या डोळ्याचा पांढरा भाग यावा आणि दुसऱ्यात उजेडातला गाल. तो ‘पांढरा’ गालापेक्षा चांगलाच गडद, राखाडी-तपकिरी दिसेल. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कागद खाली करून पुन्हा वर धरलेला मी पाहिला आहे. नवशिक्याच्या चित्रातले डोळे बटणांसारखे वटारलेले दिसतात ते याच पांढऱ्यामुळे.

भोकाचा कागद नेहमी जवळ नसतो, म्हणून चित्रकार डोळे किलकिले करून पाहतात. पापण्या निम्म्या मिटल्या की बारकावे विरघळतात आणि मोठे आकार तेवढे उरतात. आमच्या वर्गातल्या मूर्तिकाराला हे सर्वांत जड गेले. गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि त्या एका कुशल रेषेने मूर्ती सजीव होते. त्या हाताला रेषेवर इतका विश्वास असतो, की रेषा नसलेला डोळा रंगवायचा हे त्याला पटेना. पण माती घडवताना तो आधी कपाळाची आणि गालांची घडणच करतो, कोरीव काम मागाहून येते, हे त्याच्या लक्षात आले त्या दिवसापासून तो बाकीच्यांच्या पुढे गेला.

मापांविषयी थोडेसे. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, वरच्या तृतीयांशात नव्हे. कपाळ आणि केसांचा भाग आपण नेहमी कमी धरतो, कारण तिथे ‘काही नसते’. समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांएवढी भरते. हे ठोकताळे सुरुवातीला आधार देतात, पण माणसामाणसातला फरक हीच तर ओळख, म्हणून पुढे प्रत्यक्ष मोजावेच लागते. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, ब्रशच्या दांडीवर अंगठा सरकवत अंतरे ताडून पाहायची. गवंडी जसा ओळंबा सोडतो, तसा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून मनाने ओळंबा सोडायचा आणि तो नाकपुडीवर पडतो की तिच्या आत-बाहेर, हे बघायचे. चिऱ्याची भिंत डोळ्यांच्या अंदाजाने कोणी चढवत नाही. चेहराही चढवू नये.

## अंगाच्या रंगाची ट्यूब

दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब मिळते. त्यातला फिकट गुलाबी रंग आपल्यापैकी कोणाच्याही त्वचेचा नसतो, आणि त्वचेला एकच रंग असतो ही समजूतही त्या ट्यूबसारखीच टाकून देण्याजोगी आहे.

त्वचा काही प्रमाणात पारदर्शक असते. उजेड तिच्या आत थोडा शिरतो, रक्ताचा तांबूसपणा घेऊन बाहेर येतो. सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान लाल पेटलेले दिसतात, ते यामुळेच. कपाळाची त्वचा हाडाजवळ असते, ती थोडी पिवळसर दिसते. गाल, नाक आणि कान यांत रक्त अधिक, म्हणून तिथे तांबूसपणा वाढतो. दाढी करणाऱ्या पुरुषाच्या हनुवटीवर निळसर-हिरवट छटा येते. सावळ्या त्वचेत हे फरक बारीक असतात, पण असतातच, आणि तिच्यावरची चकाकी अधिक ठळक दिसते. ती चकाकी बहुधा आभाळाचा रंग घेते. सावळ्या कपाळावर नुसता पांढरा ठिपका दिला, की तिथे पीठ लागल्यासारखे दिसते. त्यात कणभर निळसर करडा मिसळला की तेच कपाळ ओलसर, जिवंत होते.

हे सगळे रंग कुठून आणायचे? इथे कोकणातल्या माणसाला एक जन्मजात सोय आहे, कारण यांतले मुख्य रंग त्याच्या पायाखाली आहेत. जांभ्याला त्याचा रंग लोहाच्या संयुगांनी दिला आहे. पिवडी म्हणजे पिवळी माती, गेरू आणि देवळांच्या भिंतींवरची तांबडी काव, याही लोहाच्याच. पिवडीत लोहाबरोबर पाण्याचा अंश बांधलेला असतो; ती भाजली, की पाणी निघून जाते आणि पिवळ्याचा तांबडा होतो, जशी कच्ची कौले भट्टीतून लाल होऊन निघतात. ट्यूबवर ‘यलो ऑकर’ लिहिलेली असते ती पिवडीच, आणि ‘बर्न्ट सिएना’ म्हणजे भाजलेली लोहयुक्त माती. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगसंगती तर चारच रंगांची आहे: पिवडी, शेंदरी लाल, काळा आणि पांढरा. काळ्यात पांढरा मिसळला की तो शेजारच्या तांबड्यापुढे निळा भासतो, त्यामुळे वेगळा निळा लागतच नाही. पहिले वर्षभर या चार ट्यूबांबाहेर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च कमी होतो हा फायदा आहेच, पण डोळा गोंधळत नाही हा त्याहून मोठा.

उजेडाचेही तापमान असते असे चित्रकार मानतात. पिवळ्या-तांबड्याकडे झुकणारा तो उबदार रंग, निळ्याकडे झुकणारा तो थंड. पावसाळी दिवशी खिडकीतून येणारा उजेड थंड असतो आणि त्याच्या तुलनेत चेहऱ्याची सावली उबदार दिसते. उन्हात बहुधा याच्या उलट घडते. आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते, जी परदेशी चित्रकारांनी सांगितलेल्या कृतीत सापडत नाही. पडवीत बसलेल्या माणसाच्या हनुवटीखालची सावली काळी पडत नाही, कारण बाहेरच्या लाल मातीच्या अंगणावरून परतलेला उजेड ती आतून तांबूस करतो. आणि जुलैमध्ये समोर भात लावलेले असेल, तर त्याच हनुवटीखाली हिरवट छटा चढते. काकूंच्या जबड्याखाली मी कॅनव्हासवर काव आणि थोडी पिवडी लावली, तेव्हाच तो जबडा मानेपासून सुटा झाला.

## ही परदेशी कला आपल्याला कशाला, असे विचारणाऱ्यांना

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण ज्या गावात तो विचारला जातो तिथे चितारआळी, म्हणजे चित्रे-खेळणी रंगवणाऱ्यांची आळी, आहे. सावंतवाडीच्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, गोल पाने, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रे दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी, देवळांच्या चुन्याच्या गिलाव्यावर कोरलेली कावीची नक्षी, या सगळ्या परंपरा रेषा आणि सपाट रंग यांवर उभ्या आहेत. त्यांत चेहऱ्यावर एका बाजूने पडणारा उजेड नाही, कारण त्यांना अमुक एका दुपारचे अमुक एक माणूस दाखवायचेच नव्हते. त्यांना रामाचा चेहरा हवा होता, गावातल्या एखाद्या रामचंद्राचा नव्हे. एक पद्धत पुढे आणि दुसरी मागे, असे मी मानत नाही.

छायाप्रकाशाने चेहरा घडवण्याची रीत इथे रुजवण्यात १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा मोठा वाटा आहे. पण ती उचलली ती किनाऱ्यावरच्याच माणसांनी. १८७० साली गोव्यात जन्मलेले आन्तोनियो झेवियर त्रिंदाद जे. जे.मध्ये शिकले, तिथेच त्यांनी शिकवले आणि घरातल्या माणसांची अतिशय मायेने रंगवलेली तैलचित्रे मागे ठेवली. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर व्यक्तिचित्रांत नावाजले गेले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ‘ग्लो ऑफ होप’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र अनेक जण तैलरंगातले आणि राजा रवि वर्मा यांचे समजतात. ते हळदणकरांचे आहे, आणि जलरंगातले आहे. हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुणीसाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. दिव्याला आडोसा धरलेल्या तिच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड ज्याने पाहिला, त्याला त्वचेच्या पारदर्शकतेवर वेगळे व्याख्यान लागत नाही. माध्यम बदलले तरी उजेडाचे नियम बदलत नाहीत, हेही त्या चित्रावरून कळते.

## फोटो असताना माणसाला समोर बसवायचे कशाला?

कारण फोटोही चुकतो, आणि ठरावीक रीतीने चुकतो. हातभर अंतरावरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक मोठे होते आणि कान मागे पळतात. हा कॅमेऱ्याचा दोष नसून इतक्या जवळून पाहण्याचा परिणाम आहे. समोरून फ्लॅश मारलेल्या पासपोर्ट फोटोत सावल्या पुसल्या जातात, म्हणजे ज्या आकारांवर ओळख टिकून असते तेच नाहीसे होतात. कडक उन्हातल्या फोटोत सावली एकसारखी काळी होते. डोळ्यांना मात्र तिच्यात अंगणाचा तो तांबूसपणा दिसत असतो. शिवाय फोटो एका क्षणाचा असतो. माणूस वीस-वीस मिनिटे करून तीन-चार दिवस समोर बसते, तेव्हा त्याचे अवघडणे, सैलावणे, मध्येच काही आठवून हसणे, हे सगळे रंगवणाऱ्याच्या नजरेतून जाते आणि त्यांतून तो काय ठेवायचे ते ठरवतो. ॲप फोटोवर ब्रशचा पोत चढवते, पण फोटोत जी माहिती नव्हती ती त्याने पाहिलेली नसते. फार तर इतर चेहऱ्यांवरून ती कल्पनेने भरते, आणि नेमकी तिथेच ओळख निसटते.

तरीही लोक फोटो घेऊनच येतात, कारण ज्यांचे चित्र हवे ते हयात नसतात, आणि त्यांना परत पाठवणे मला जमत नाही. अशा वेळी मी त्या घरातला, तशाच घडणीचा कोणी भाऊ, मुलगा किंवा नात खिडकीशी बसवतो. गालाचे हाड, भुवईचा उंचवटा, त्वचेचा रंग घरात उतरलेला असतो. मापे फोटोवरून घ्यायची आणि उजेड जिवंत माणसावरून. एकाच बाजूने उजेड यावा म्हणून ट्यूबलाइट बंद ठेवायची. माथ्यावर काचेचे कौल असेल तर दुपारी त्याखाली कोणाला बसवायचे नाही, कारण वरच्या उजेडाने डोळ्यांचे खळगे नुसते काळे पडतात.

## हात उपजत नसेल तर?

वर जे सांगितले त्यात हाताच्या कसबाचे काम किती कमी होते, हे लक्षात आले असेल. बहुतेक सगळे काम पाहण्याचे आहे, आणि पाहणे शिकवता येते. आमच्याकडे पहिला महिना पांढरे अंडे आणि सोललेला नारळ हेच विषय असतात, तेही फक्त काळ्या-पांढऱ्यात. मग एक मातीचा चेहरा, मग आरशातला स्वतःचा, कारण तो कधीही कंटाळून उठून जात नाही. रंग चौथ्या-पाचव्या महिन्यात येतात. ज्यांना ही वाट लांब वाटते ते थेट रंगांकडे जातात आणि बहुधा सहा महिन्यांनी नारळाकडे परत येतात. उपजत देणगी असते, ती मी नाकारत नाही. पण निवृत्त वाहकांनी आठव्या महिन्यात केलेले आपल्या पत्नीचे चित्र मी पाहिले आहे, आणि त्यांनी शाळेनंतर कधी पेन्सिल हातात धरली नव्हती.

## आपल्या हवेत हे चित्र टिकते का?

टिकते, पण कोकणातला पाऊस आणि दमट हवा लक्षात घेऊन वागावे लागते. दमट हवेत कॅनव्हास कधी सैलावतो, कधी ताठरतो, आणि प्रत्येक वेळी वरच्या रंगाला ताण बसतो. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते; तिला चिकटवून टांगलेल्या चित्राच्या पाठीवर बुरशी धरते. म्हणून चित्र आतल्या भिंतीवर लावावे, आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना लाकडाचे वा बुचाचे तुकडे लावून वारा खेळता ठेवावा. देवघराच्या वर टांगण्याचा मोह होतो, पण समईची काजळी रंगावर बसते. नवे चित्र मी कार्तिकात सुरू करतो, म्हणजे थर सुकायला कोरडे महिने मिळतात. संरक्षक व्हार्निशचा लेप मात्र सहा महिने ते वर्षभर थांबूनच द्यावा, कारण वरून कोरडा लागणारा रंग आतून तोवर घट्ट होतच असतो.

पावसाळ्यात जपून ठेवायचे म्हणून लोक चित्र कापडात गुंडाळून कपाटात ठेवतात, तेही करू नये. जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. एका कुटुंबाने आजीचे चित्र असेच दोन वर्षे बंद ठेवले होते आणि ते बाहेर काढले तेव्हा चेहरा हळद लावल्यासारखा झाला होता. चित्र बिघडले म्हणून ते माझ्याकडे आले. मी ते पुसले नाही, त्याला रंगही लावला नाही. दिवाळीनंतर पडवीत, थेट ऊन न लागेल पण दिवसभर उजेड मिळेल अशा जागी ते भिंतीला टेकवून ठेवले. डिसेंबर संपेपर्यंत तिच्या लुगड्याचा पांढरा काठ पुन्हा पांढरा दिसू लागला होता, आणि तिची नात ते चित्र घेऊन गेली तेव्हा कपाळावरची निळसर चकाकीही परत आली होती.